फियाट नातीच्या हाती देताना

पोरी,

चावी हातात देताच तू म्हणालीस, "आबा, चालवायची कशी तेवढं सांगा, बाकीचं मेस्त्री बघतील." म्हणून ही वही लिहायला घेतली. पद्मिनीची नस ओळखणारे मेस्त्री आता आपल्या एव्हरशाईन सिटीपासून विरारपर्यंत शोधलेस तरी बोटांवर मोजण्याइतकेच निघतील, आणि तेही बहुतेक माझ्याच वयाचे. तेव्हा या गाडीची पहिली मेस्त्री तू. पंधराव्या वर्षी परळच्या गॅरेजात लागलो तेव्हा उस्तादांनी जे कानात सांगितलं, आणि पुढे गोखिवऱ्याच्या गाळ्यात हात काळे करताना जे माझं मला उमगलं, ते जसं आठवेल तसं लिहितो आहे. वही गाडीतच ठेव, घरात नको.

पहिला मंत्र उस्तादांचा, तसाच्या तसा देतो. गाडीत बसलं की आधी गप्प बसायचं. गाणी नाहीत, फोन नाही, शेजारच्या माणसाशी गप्पा नाहीत. स्टार्टर मारल्यापासून पहिली पाच मिनिटं फक्त ऐकायचं. आजच्या गाड्यांत काही बिघडलं की समोर दिवा लागतो. ही गाडी आवाज देते, आणि बंद पडायच्या आधी चांगले पंधरा दिवस देत राहते. टॅपेटचा आवाज शिवणयंत्रासारखा असतो, बारीक आणि एकसारखा. त्यात एक ठोका मोठा नि बाकीचे लहान असं व्हायला लागलं की एका टॅपेटचं अंतर वाढलं समज. सकाळच्या दमट हवेत चीं-चीं करते तो फॅन बेल्ट. बोनेट उघड, इंजिन बंद असताना बेल्टच्या मधोमध अंगठ्याने दाब, अर्धा इंच आत गेला तर बरोबर, जास्त गेला तर आवळून घे. मागून घूं घूं असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की त्याचा सूर बदलतो, तो डिफरन्शियलचा. त्यात ऑइल कमी झालंय. खड्ड्यात कुरकुरतात ते पाटे, त्यांचं काही मनावर घेऊ नकोस. उस्ताद माझे डोळे बांधून मला गाडीशेजारी उभं करायचे आणि आवाजावरून दुखणं सांगायला लावायचे. तुझे डोळे मी बांधणार नाही, पण पहिली पाच मिनिटं मात्र तेवढी पाळ.

आता तू काय हातात घेतलं आहेस, ते ऐक. तुझ्या मैत्रिणी तिला "व्हिंटेज" म्हणतात. ती व्हिंटेज नाही. आपल्या नियमांप्रमाणे त्या नावाला पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात आणि आपली गाडी 1988 ची आहे, नंबराला एमएच लागायच्या आधीची. पण तिची मुळं फार खोल आहेत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, ज्यांनी जहाजं बांधली, विमानाचा कारखाना उभा केला, रावळगावला आणि वालचंदनगरला उसातून साखर काढली, त्यांनी 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. तेव्हा देश पारतंत्र्यात होता. कुर्ल्याचा कारखाना सुरू झाला तो अमेरिकन क्रायसलरच्या मोठाल्या डॉज, प्लिमथ जोडण्यापासून. पण आपल्या रस्त्यांना आणि आपल्या खिशाला ते धूड परवडणारं नव्हतं. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. आधी छोटी फियाट 500 आली आणि 1954 पासून फियाट 1100. तिचं समोरचं तोंड बघून मुंबईकरांनी नाव ठेवलं डुक्कर फियाट. तिचे पुढचे दरवाजे उलटे, मागच्या बाजूला बिजागरी असलेले. मी शिकलो त्या गॅरेजात अशा दोन डुक्कर फियाट यायच्या, दोन्ही डॉक्टरांच्या. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, आणि 1964 मध्ये डिलाइट. हिचा सांगाडा बघशील तर तो हाच, आपल्या गाडीचा. पुढे फियाटशी करार संपला. गाडीला 1972 मध्ये प्रीमिअर प्रेसिडेंट असं नाव मिळालं आणि 1974 मध्ये पद्मिनी, चितोडच्या राणीवरून. लोकांनी मात्र दोन्ही नावं बाजूला ठेवली आणि शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. मीही फियाटच म्हणतो. तूही म्हण.

त्या काळी गाडी दुकानात जाऊन घ्यायची वस्तू नव्हती. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मुलगी चौथीत असताना नोंदवलेली गाडी ती मॅट्रिक झाल्यावर दारात आली, अशी घरं मी पाहिली आहेत. म्हणून ज्याला ती मिळाली, त्याने ती देवासारखी जपली. 14 डिसेंबर 1983 ला दिल्लीत पहिली मारुती 800 एका गिऱ्हाइकाच्या हाती पडली, आणि तिथून फियाटचे दिवस फिरले. मी फियाटचा माणूस असलो तरी खरं ते सांगतो. मारुती हलकी होती, पेट्रोल कमी प्यायची, पावसात पहिल्या चावीला सुरू व्हायची. घरगुती गिऱ्हाईक तिकडे गेलं, ते बरोबरच गेलं. तरी फियाट मेली नाही, कारण टॅक्सीवाल्यांनी तिला सोडलं नाही. मागे लोखंडी पाटे, मागच्या चाकांना ओढ, जाड पत्रा, वर कॅरिअर. सहा माणसं आणि टपावर तीन ट्रंका घेऊन ती बोरीबंदरहून दादरला जायची, आणि वाटेत काही झालंच तर फुटपाथच्या कडेला चार पान्यांनी उघडून परत चालू व्हायची. कुर्ल्यात तिचं उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर फियाट टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी मी खाली जाऊन आपली गाडी धुतली होती, तुला आठवत असेल. तू गॅलरीतून विचारलंस, आबा, आज कुठे निघालात? कुठेच नव्हतो निघालो.

आता कामाचं.

सकाळी गार इंजिन सुरू करताना चोक पूर्ण ओढ, ॲक्सिलरेटर एकदा, फार तर दोनदा दाब आणि मग स्टार्टर मार. सतत मारत राहू नकोस. पाच सेकंद मार, दहा सेकंद थांब. नाही उठली आणि पेट्रोलचा भपकारा आला, तर समज इंजिन पेट्रोलने ओलं झालंय. तेव्हा चोक आत ढकल, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धर, मग स्टार्टर. सुरू झाल्यावर चोक हळूहळू, दोन-तीन टप्प्यांत आत घाल. चोक विसरून स्टेशनपर्यंत गेलीस तर प्लग काळे होतील, आणि मग ती गाडी तुला दुसऱ्या दिवशी आचोळे रोडवर उभं करून ठेवील.

गिअर हँडलजवळ आहेत म्हणून घाबरू नकोस. दांडी हाताच्या मुठीत आवळायची नाही, तळव्याने ढकलायची, बाळाच्या पाठीवर हात ठेवतात तशी. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना मधे न्यूट्रलला क्षणभर थांब. ती स्वतः पुढचा गिअर घेते. पहिला गिअर गाडी पुरती थांबल्याशिवाय टाकायचा नाही. दांडीत ढिलेपणा आला, गिअर सापडेनासे झाले, तर गिअरबॉक्स उघडायला धावू नकोस. दहातल्या नऊ वेळा खालच्या लिंकेजचे बूश झिजलेले असतात.

बूशचा विषय निघालाच आहे तर आपल्या गावाची एक गोष्ट सांगतो, ती तुला दुसरीकडे कुणी सांगणार नाही. या गाडीचा माल आता कंपनीतून येत नाही. ऑपेरा हाउसच्या बाजूला जुन्या दुकानांत अजून काही सुटे भाग मिळतात, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांतून काढलेला माल मिळतो. पण मिळाला नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही, कारण तू वसई पूर्वेला राहतेस. गोखिवरे, वालीव, सातिवली इथले गाळे बघ. लेथ आहेत, मिलिंग आहेत, ओतकाम करणारे आहेत, रबराचे साचे बनवणारे आहेत. झिजलेला बूश हातात घेऊन जा, सोबत तो ज्यात बसतो तो भाग न्यायला विसरू नकोस. कारागिराला नुसतं माप सांगू नकोस, काम काय आहे ते सांग. "हा फिरतो की नुसता बसतो?" असं चांगला कारागीर स्वतःच विचारतो. जो विचारत नाही, त्याच्याकडून उठून ये. आपल्या गाडीतले निम्मे बूश, दरवाजाची एक बिजागरी आणि वॉटर पंपाची शाफ्ट याच गाळ्यांत तयार झालेली आहे. ही गाडी इतकी वर्षं का टिकली असं लोक मला विचारतात. तिच्यात असा एकही भाग नाही जो साध्या लेथवरचा हुशार हात पुन्हा घडवू शकणार नाही. माझ्या लेखी तिचं मोल यात आहे, तिच्या गोल दिव्यांत आणि चकचकीत बंपरमध्ये नाही.

आणि ती लहान आहे, हे विसरू नकोस. दिसते ऐसपैस, पण लांबी 3 मीटर 93 सेंटिमीटर आणि इंजिन 1089 सीसी. सरकारने 2006 मध्ये छोट्या गाडीचा कर कमी केला तेव्हा छोटी कोणाला म्हणायचं ते ठरवलं: लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत. आज जिला कॉम्पॅक्ट म्हणून विकतात त्या मापात आपली फियाट पन्नास-साठ वर्षांपूर्वीच बसत होती. पुढे अखंड सीट असल्यामुळे आजी नऊवारीत सुद्धा आरामात बसायची, पाय वर घेऊन. काचा मोठ्या, खांब बारीक, त्यामुळे चारी कोपरे दिसतात. सोसायटीच्या फाटकातून आत घेताना तुला सेन्सरची गरज लागणार नाही. आपला गणपती दरवर्षी परळच्या कार्यशाळेतून याच पुढच्या सीटवर बसून आला, माझ्या आणि तुझ्या बाबांच्या मधे. एकदा घोडबंदरच्या अलीकडे वाहतूक अडली तेव्हा तीन तास तिथेच बसून राहिला. आम्ही त्याच्या मूर्तीला ओला रुमाल लावत होतो, आणि गाडीच्या एसी पंपालाही.

तो एसी पंप म्हणजे थंड हवेचा नव्हे. पेट्रोल टाकीतून कार्बोरेटरला ढकलणारा पंप, इंजिनाच्या अंगालाच लावलेला. उन्हाळ्यात वसई फाट्यावर किंवा वर्सोवा पुलाच्या तोंडाशी अडकलीस की त्यात पेट्रोलची वाफ होते, आणि चांगली चालणारी गाडी अचानक आचके देत बंद पडते. स्टार्टर मारून बॅटरी संपवू नकोस. गाडी बाजूला घे, बोनेट उघड, पंपावर ओलं फडकं गुंडाळ आणि दहा मिनिटं थांब. एप्रिल-मे मध्ये गाडीत एक फडकं आणि पाण्याची बाटली कायम हवी, आणि ती बाटली प्यायच्या पाण्यापेक्षा वेगळी. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कधीही उघडायचं नाही. माझ्या डाव्या हातावरची खूण तुला लहानपणापासून माहीत आहे, ती तिथली.

पेट्रोलबद्दल नीट वाच, कारण हे उस्तादांच्या काळात नव्हतं. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. ते मुख्यतः उसापासून आणि धान्यापासून बनतं. ज्या वालचंदांनी साखर कारखाने काढले त्यांच्याच गाडीच्या पोटात आता ऊस जातो आहे. या गाडीच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वॉशरं त्यासाठी बनलेली नाहीत. इथेनॉल त्यांना फुगवतं, मग चिरा पडतात, आणि चिरेतून पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या वसईच्या दमट हवेत गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी धरतं आणि आतून गंज चढतो. तेव्हा तीन गोष्टी. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्यायच्या, दुकानदाराला स्पष्ट विचारून. दर रविवारी बोनेट उघडून नळ्यांवर बोटं फिरवायची आणि बोटं नाकाला लावायची. आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवायची नाही, भरून ठेवायची, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी उरते. नळ्यांवरून पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करायची नाही. यात घाई, उशीर, कार्यक्रम, काहीही आड येऊ द्यायचं नाही.

ही गाडी लिटरला बारा-तेरा किलोमीटर देते. अंधेरीला रोज नेऊ नकोस, त्यासाठी लोकल आहे. पण आठवड्यातून एकदा अर्धा तास ती चालली पाहिजे. जागेवर उभी ठेवून इंजिन चालू केलं की काम झालं असं समजणारे लोक गाडी मारतात. जागेवर इंजिन पुरतं गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ब्रेक जाम होतात, टायर एका बाजूला चपटे होतात. शनिवारी सकाळी सहा-साडेसहाला काढ, अंबाडीचा पूल ओलांडून वसई गावात जा, किल्ल्यापर्यंत ने, केळी घे आणि परत ये. पूर्वेकडे जायचं असेल तर सातिवलीहून तुंगारेश्वरच्या पायथ्यापर्यंत. तेवढं तिला पुरतं.

पाऊस. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण एव्हरशाईनमध्ये गाडी वापराने कमी आणि पावसाने जास्त मरते. तुंगारेश्वरच्या डोंगरावरून उतरणारं पाणी खाडीकडे जायला निघतं आणि वाटेत आपली इमारत, वसंत नगरी, आचोळे हे सगळं सखल. जुलै 2018 तू विसरली नसशील. दिवसभर पाऊस, लोकल बंद, वीज गेलेली, आणि सोसायटीच्या आवारात गुडघाभर पाणी. आपल्या गाडीच्या सीटला पाणी लागलं होतं. शेजारच्या विंगेतल्या एका मुलाने पाणी ओसरताच आपली नवी गाडी सुरू करून बघितली. सिलिंडरमध्ये पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकला आणि इंजिन गेलं. एका चावीत.

मी काय केलं ते तू माझ्याशेजारी टॉर्च धरून पाहिलं आहेस, पण क्रम लिहून ठेवतो. सगळ्यात आधी बॅटरीची तार काढली. मग खालून इंजिन ऑइल सोडलं. ते दुधाच्या चहासारखं आलं, म्हणजे पाणी आत गेलेलं. गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शियलचंही सोडलं. चारी प्लग काढले, गाडी टॉपमध्ये टाकली आणि तुझ्या बाबांनी मागून सावकाश ढकलली. प्लगच्या भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. पाणी यायचं थांबल्यावर प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल घातलं आणि परत ढकललं. डिस्ट्रिब्युटरची टोपी, पॉइंट, कॉइल घरात आणून पंख्याखाली ठेवलं. टाकीतलं पेट्रोल काढून टाकलं. एअर फिल्टर, कार्बोरेटर साफ केला. नवं स्वस्त ऑइल घालून दहा मिनिटं इंजिन चालवलं, ते फेकून दिलं आणि मग चांगलं ऑइल घातलं. चारी ड्रम उघडून ब्रेक धुतले. सीटा गच्चीवर वाळवल्या. या सगळ्याला नऊ दिवस लागले आणि दहाव्या दिवशी ती पहिल्या स्टार्टरला बोलली. चावीला हात लावायच्या आधी थांबता आलं, म्हणून गाडी वाचली.

हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की गाडी आदल्या रात्री उंचावर नेऊन लाव. सकाळी बघू म्हणालीस तर सकाळी फाटकाबाहेर काढता येणार नाही. रस्त्यात पाणी लागलंच तर पुढच्या माणसाकडे बघ. पाणी त्याच्या पोटरीच्या वर असेल तर परत फिर. त्याहून कमी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एकाच चालीने, मधे क्लच न दाबता आणि ॲक्सिलरेटर न सोडता जा. पंखा इंजिनावर पाणी उडवतो, म्हणून वेग अजिबात वाढवू नकोस. पलीकडे निघाल्यावर या गाडीला ब्रेक नसतात असंच धरून चाल. चारी चाकांना ड्रम आहेत, ते भिजले की धरत नाहीत. डाव्या पायाने ब्रेक किंचित दाबून धरत शंभर-दोनशे मीटर हळू चालव, ड्रम गरम होऊन वाळतात.

पावसाळ्यात रोजचं काम फार नाही, पण ते चुकवायचं नाही. पायाखालच्या रबरी मॅट उचलून खाली हात फिरव. ओल लागली तर जुनी वर्तमानपत्रं पसर आणि दुसऱ्या दिवशी बदल. दरवाजांच्या खालच्या कडेला तीन-तीन बारीक भोकं आहेत. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती धुळीने बुजतात. केरसुणीची एक काडी घे आणि प्रत्येक भोकात फिरव. बुजलेलं भोक मोकळं झालं की आतून वाटीभर पाणी पायावर येतं. तेवढं पाणी महिनाभर आत राहिलं की दरवाजाचा पत्रा खालून पापडासारखा होतो. डेंटरला हजारो रुपये देण्यापेक्षा ही काडी बरी. आणि पावसात प्लॅस्टिकचं कव्हर घालायचं नाही. वरून गाडी कोरडी दिसते, आत घाम धरते आणि गंजते.

ब्रेकबद्दल आणखी एक. आजच्या गाड्यांसारखा पाय ठेवला की ती थांबत नाही, जोर लावावा लागतो. म्हणून पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेव. हायवेला डावीकडून, पन्नास-साठच्या वर नाही. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू दे. मी पुढच्या सीटला पट्टे बसवून घेतले आहेत, ते नुसते दाखवायला नाहीत. आणि कुणी गाडीला मोठं इंजिन, रुंद टायर, खाली बसवलेले पाटे असलं काही सुचवलं तर हात जोडून नको म्हण. तिची प्रत्येक गोष्ट दुसरीच्या मापाची आहे. एक वाढवलीस की दुसरी तुटते.

कागदांचं थोडक्यात. खासगी पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते, सोबत पर्यावरण कर आणि विरारच्या आरटीओत तपासणी. दिल्लीतल्या बंदीच्या बातम्या वाचून कुणी "भंगारात द्या" म्हणालं तर तो नियम तिथला आहे हे सांग. पीयूसी दर सहा महिन्यांनी. त्याला जाण्याआधी अर्धा तास गाडी चालवून घे आणि एअर फिल्टर झटक, नाहीतर उगाच धूर जास्त दाखवते. विमा एक दिवसही तुटू देऊ नकोस. नव्या नंबर प्लेट लावलेल्या आहेत, त्यांची पावती आरसी बुकात आहे. शुल्क मधे वाढलं आहे, तारीख जवळ आली की आधी जाऊन विचार.

गाडी विकत मागायला लोक येतील. हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायला मागतील, लग्नाच्या फोटोसाठी भाड्याने मागतील. भाड्याने दिलीस तर तू स्वतः चालवत ने. विकायची वेळ आलीच, आणि अशी वेळ येऊ शकते, मी त्याला दोष देणार नाही, तर जो घेणारा बोनेट उघडून आधी ऐकत उभा राहील त्याला दे, पैसे थोडे कमी आले तरी चालतील.

डिकीत उजव्या बाजूला कापडी गुंडाळी आहे. त्यात दहा-अकरा, बारा-तेरा, सोळा-सतरा, अठरा-एकोणीस असे पाने, प्लग पाना, पक्कड, दोन पेचकस, फिलर गेज, एक जास्तीचा फॅन बेल्ट, पॉइंट सेट, कंडेन्सर आणि इन्शुलेशन टेप आहे. सतरा नंबरचा पाना उस्तादांचा आहे. तो कुणाला उसना द्यायचा नाही.

नोंदणी 2028 पर्यंत आहे. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची नळी मात्र आता थकली आहे, काल बोटाला वास आला. येत्या शनिवारी सकाळी सातला खाली ये, नवी नळी आणून ठेवली आहे. ती तू बसवायची, मी शेजारी उभा राहीन.

— आबा